मनगट यंत्राचं, हात कुणाचा?

रोबोटिक शस्त्रक्रिया करणारे बरेच सर्जन ऑपरेशनला बसण्याआधी पायातलं काढून ठेवतात. ‘बसण्याआधी’ हे मुद्दाम सांगायला हवं, कारण इथे सर्जन टेबलाशी उभा नसतोच. पेशंट भुलीत, टेबलाची डोक्याकडची बाजू खाली झुकवलेली. पेशंटच्या पोटावर पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले यंत्राचे हात. आणि सर्जन चार पावलांवर, एका मोठ्या पेटीपुढे स्टुलावर. डोळे पेटीच्या खाचेत, बोटं दोन कड्यांत, पायाखाली पेडलांची रांग. कुठल्या पेडलने जाळायचं आणि कुठल्याने कॅमेरा हलवायचा, हे खाली न बघता तळव्याला कळावं म्हणून पायांत नुसते मोजे. पोटाशी दुसरा डॉक्टर असतो. तो रक्त ओढतो, धागा आत देतो, हत्यारं बदलतो.

हे यंत्र स्वतःच्या बुद्धीने काहीही कापत नाही. सर्जनने खाचेतून डोकं बाहेर काढलं की ते जागच्या जागी थबकतं. ‘रोबो ऑपरेशन करतो’ असं आपण सहज म्हणतो, पण खरं तर तो सर्जनच्या हाताची नक्कल करतो. हा फरक एवढ्यासाठी सांगायचा की हैदराबादच्या रस्त्यांवरच्या जाहिराती बघून अनेकांचा समज नेमका उलटा होतो.

पंजागुट्टा, सोमाजीगुडा, जुबिली हिल्स, गच्चीबावली या पट्ट्यात खाजगी इस्पितळांची इतकी दाटी आहे, की ‘रोबोटिक’ हा शब्द तिथे नवा राहिलेला नाही. सरकारी बाजूला 2023 मध्ये पंजागुट्ट्याच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्येही, म्हणजे सगळे ज्याला ‘निम्स’ म्हणतात तिथे, सुमारे 35 कोटी रुपयांचं रोबोटिक यंत्र आलं. मराठवाड्याला हे शहर परकं नाही. 1956 पर्यंत नांदेड, परभणी, औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. राज्य गेलं, पण दवाखान्याची वाट तीच राहिली. देवगिरी नाहीतर अजिंठा एक्स्प्रेसने फाइल काखेत मारून येणारी माणसं आजही कमी नाहीत. त्यातल्या एंडोमेट्रिओसिसच्या पेशंटपुढे, आणि बहुतेक वेळा तिच्या नवऱ्यापुढे किंवा आईपुढे, हल्ली एक प्रश्न हमखास येतो: दुर्बिणीचं करायचं की रोबोचं?

प्रश्न साधा वाटतो. पण तो ज्या आजाराबद्दल विचारला जातो, तो आजार साधा नाही.

गर्भाशयाच्या आतल्या बाजूला जे अस्तर असतं, त्याच्यासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात, त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. त्या बीजकोशावर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, गर्भाशय आणि गुदाशयाच्या मधल्या खोबणीत, आतड्याच्या भिंतीत, मूत्राशयावर, कधी मूत्रवाहिनीभोवती रुजतात. दर महिन्याच्या हार्मोन्सना या पेशीही प्रतिसाद देतात. पाळीचं रक्त बाहेर पडतं, पण या पेशींना बाहेरची वाट नसते. मग तिथे सूज येते, व्रण धरतात, अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुनं रक्त साचून चॉकलेटच्या पाकासारखं दाट, तपकिरी होतं. ‘चॉकलेट सिस्ट’ हे नाव 1921 मध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनी गावच्या जॉन सॅम्पसन या डॉक्टरच्या निबंधातही आहे. सहा वर्षांनी त्यानेच मांडलं, की पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं आणि पेशी तिथे रुजतात. या सिद्धान्ताने सगळं उलगडत नाही, कारण असं उलटं रक्त बहुतेक स्त्रियांत जातं आणि आजार मात्र मोजक्यांनाच होतो. तरी आजही पहिलं नाव त्याचंच घेतलं जातं.

मोजक्यांना म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रिया आणि मुली, म्हणजे जगभरात 19 कोटी. निदानाला सरासरी 4 ते 12 वर्षं लागतात, असंही तीच संघटना सांगते. ही वर्षं कशी जातात हे आपल्या घरांतून वेगळं सांगायला नको. गरम पाण्याची पिशवी, ओव्याचं पाणी, दोन दिवस शाळेला दांडी, मेडिकलमधून आणलेली गोळी, आणि ‘लग्न झालं की थांबेल’, मग ‘एक मूल झालं की थांबेल’. संबंधाच्या वेळी दुखतं, पाळीत शौचाला बसताना कळ येते, या गोष्टी तर बाई आईलाही सांगत नाही. डॉक्टरने नेमकं विचारलं नाही तर त्या फाइलमध्ये येतच नाहीत.

आता शस्त्रक्रियेकडे. पोटात नळी घालून आत डोकावण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. 1901 मध्ये गेऑर्ग केलिंगने जर्मनीत ते कुत्र्यावर करून दाखवलं आणि 1910 मध्ये स्वीडनच्या हान्स ख्रिश्चन याकोबेयसने माणसावर केलं. पण पुढे कित्येक दशकं सर्जन एका डोळ्याने नळीत बघत, कमरेत वाकून काम करायचा. कॅमेरा आणि पडदा आल्यावर तो ताठ उभा राहिला. पडद्याकडे बघून ऑपरेशन करण्याची पद्धत रुजवणाऱ्यांत कॅमरान नेझात यांचं नाव अग्रभागी येतं, आणि त्यांचं आयुष्यभराचं काम एंडोमेट्रिओसिसवरच आहे. दा विंची या रोबोला अमेरिकेत जुलै 2000 मध्ये परवानगी मिळाली आणि 2005 मध्ये स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियांसाठी मिळाली.

दुर्बीण आणि रोबो या दोन्हींतला फरक समजायला स्वयंपाकघरात जावं. उंच बरणीच्या तळाची लोणच्याची फोड लांब चिमट्याने काढून बघा. बरणीच्या तोंडाशी चिमटा टेकतो, म्हणून हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं. फोड उचलता येते, पण बरणीच्या भिंतीला चिकटलेली मेथी आडव्या अंगाने खरवडायची म्हटली तर मनगट कामाला येत नाही, कारण मनगट बाहेर आणि टोक आत. दुर्बिणीचं नेहमीचं हत्यार असंच असतं. ते आत-बाहेर जातं, डावं-उजवं होतं, वर-खाली होतं, स्वतःभोवती फिरतं आणि जबडा उघडतं-मिटतं. टोकाशी वाकत मात्र नाही. रोबोच्या हत्याराला टोकाशी सांधा आहे, म्हणजे मनगट पोटाच्या आत गेलं. शिवाय हात उलटा चालत नाही, सर्जनच्या हाताची बारीक थरथर गाळली जाते, आणि खाचेतून दिसणारं चित्र दोन्ही डोळ्यांना वेगळं असल्याने खोली कळते. खोल ओटीपोटात, गुदाशयामागे टाके घालायचे तर हे मनगट खरोखर उपयोगी पडतं. तीन-चार तास हात उंच धरून उभं राहण्याऐवजी बसून काम केल्याने सर्जनच्या मानेला, खांद्यांना आराम मिळतो, हाही लहान फायदा नाही.

याची किंमतही मोजावी लागते, आणि ती फक्त रुपयांत नसते. आतापर्यंत बहुतेक यंत्रांत सर्जनच्या बोटांना स्पर्श कळत नव्हता. ऊती किती कडक आहे, ती किती ओढली जाते आहे, हे डोळ्यांनीच ताडायचं. एंडोमेट्रिओसिसची खोल गाठ तर बोटाला आणि हत्याराला आधी कळते, डोळ्याला मागून. ताणाची जाणीव देणारी हत्यारं असलेल्या दा विंचीच्या पाचव्या पिढीला अमेरिकेत मार्च 2024 मध्ये परवानगी मिळाली, म्हणजे आजच्या बऱ्याच ऑपरेशन थिएटरांत (ओटींत) जुनीच पिढी आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ‘रोबोत छिद्रं लहान असतात’ असं लोकांना वाटतं. नेहमीच्या दुर्बिणीत कॅमेऱ्याचं छिद्र साधारण 10 मिलिमीटरचं आणि हत्यारांची 5 मिलिमीटरची. रोबोत बहुतेक सगळी 8 मिलिमीटरची. दोन्हींत पोट गॅसने फुगवतात, दोन्हींत भूल पूर्ण. दुसऱ्या दिवशी खांद्यात दुखणं, चालायला लागणं, घरी जाणं, यांत म्हणण्यासारखा फरक पडू नये, कारण दोन्ही ऑपरेशनं मुळात छिद्रांचीच आहेत. फरक बघायचा तर पोट उघडून केलेल्या ऑपरेशनशी तुलना करावी, आणि जाहिराती नेमक्या तिथेच गफलत करतात. रोबोचे फायदे म्हणून जे छापलेलं असतं, त्यातलं बरंचसं श्रेय साध्या दुर्बिणीचं असतं.

मग पुरावा काय म्हणतो? नेझात यांनी स्वतः 2010 मध्ये 78 पेशंटांची तुलना प्रसिद्ध केली, 40 रोबोच्या आणि 38 दुर्बिणीच्या. रोबोला सरासरी 191 मिनिटं लागली, दुर्बिणीला 159. बाकी निकाल सारखे. दुर्बिणीवर हयात घालवलेल्या माणसाची ती तुलना होती, त्यामुळे कुणी म्हणेल की पारडं आधीच झुकलेलं असणार. म्हणून 2017 चा ‘लारोज’ नावाचा प्रयोग जास्त मोलाचा. त्यात कुणाला काय द्यायचं हे सर्जनने ठरवलं नाही, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. 73 स्त्रिया होत्या, 35 रोबोत आणि 38 दुर्बिणीत. सरासरी वेळ रोबोला 107 मिनिटांच्या आसपास, दुर्बिणीला 102. रक्तस्राव, गुंतागुंत, पोट उघडावं लागणं, कशातच ठळक फरक नाही. सहा आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांतल्या स्त्रियांचं जगणं सुधारलेलं होतं, जवळजवळ सारखंच.

73 हा आकडा लहान आहे. आतड्यात खोल शिरलेल्या रोगाचा वेगळा हिशेब मांडायला तो पुरत नाही, आणि रोबोवाल्यांचा खरा दावा नेमका तिथलाच आहे. त्यामुळे ‘रोबो निरुपयोगी’ असा अर्थ त्यातून काढू नये. पण ‘रोबो सरस’ असा अर्थ तर त्याहून निघत नाही. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत मात्र मोठे आकडे आहेत. 2013 मध्ये अमेरिकेत 2,64,758 स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गुंतागुंत रोबोत 5.5 टक्के आणि दुर्बिणीत 5.3 टक्के. रोबोचा खर्च मात्र दर पेशंटमागे 2,189 डॉलर जास्त.

वैद्यकातल्या दाव्याची प्रयोगाने परीक्षा घेण्याची हैदराबादला जुनी सवय आहे. 1888 आणि 1889 मध्ये इथे दोन ‘क्लोरोफॉर्म कमिशनं’ बसली. इथल्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचं म्हणणं असं, की क्लोरोफॉर्मने मरण येतं ते श्वास बंद पडून, हृदयामुळे नव्हे, म्हणून भूल देताना नाडी नाही तर श्वास बघा. सहावे निझाम महबूब अली खान यांनी पैसे दिले, लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने डॉ. लॉडर ब्रंटन यांना धाडलं आणि शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निकाल लॉरींच्या बाजूने लागला. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्या रूपाबाई फर्दुनजी याच वातावरणात, याच शहरात तयार झाल्या. पण 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं, की हलक्या भुलीत क्लोरोफॉर्म हृदयाचा ताल बिघडवून जीव घेऊ शकतो. प्रयोग शेकड्यांनी झाले होते, तपासायचं नेमकं काय ते मात्र निसटलं होतं.

रोबो की दुर्बीण या वादाचंही तसंच होतं आहे. मिनिटं मोजली जातात, रक्त मोजलं जातं, छिद्रं मोजली जातात. पेशंटला हवं असतं ते वेगळं: पाच वर्षांनी दुखेल का? आणि त्याचं उत्तर यंत्रावर कमी, रोग किती ओळखला आणि किती काढला यावर जास्त अवलंबून असतं.

इथे जरा जवळून बघण्यासारखं आहे. पोटात कॅमेरा गेला की एंडोमेट्रिओसिस एका रंगात दिसत नाही. जुने डाग बंदुकीच्या दारूने भाजल्यासारखे काळे, काही निळसर. काही पांढऱ्या व्रणांसारखे, काही तर पाण्याच्या थेंबाएवढे स्वच्छ फोड. नवख्या डोळ्याला काळे दिसतात, बाकीचे राहून जातात. दोन्ही बीजकोश गर्भाशयामागे एकमेकांना चिकटून बसलेले असतील तर त्यांच्या मागे काय दडलंय हे सोडवल्याशिवाय कळत नाही. काही डॉक्टर डाग वरवर जाळतात, काही मुळासकट कापून काढतात. खोल रोगात जाळणं म्हणजे हरळी वरून खुडणं. कापायचं तर शेजारी मूत्रवाहिनी, लघवी आणि शौचाच्या नसा, आतडं. मूत्रवाहिनीभोवती रोग आवळला तर मूत्रपिंड मुकाट निकामी होतं, दुखतही नाही. आतड्यावरचा रोग नुसता तासून निघेल, की चकतीएवढा तुकडा काढावा लागेल, की आतड्याचा भागच कापून जोडावा लागेल, हे आधी ठरलेलं असावं लागतं. त्यासाठी जाणकाराने केलेली आतून सोनोग्राफी, गरज पडली तर एमआरआय, आणि ओटीत आतड्याचा सर्जन हाताशी. युरोपच्या तज्ज्ञ संघटनेने 2022 पासून निदानासाठी आधी दुर्बीण घालायचा आग्रहही सोडला आहे. स्कॅनवर आणि लक्षणांवर निदान करून औषध सुरू करता येतं. डायनोजेस्टसारख्या हार्मोनच्या गोळ्यांवर अनेकींचं वर्षानुवर्षं भागतं, ऑपरेशन लागतच नाही. उलट मूल हवं असलेल्या तरुणीच्या बीजकोशातली सिस्ट काढताना चांगली बीजंही जातात. तिथे ‘काढून टाकू’ म्हणायची घाई यंत्र कुठलंही असलं तरी महागातच पडते.

हाताचं कसब म्हणजे काय, याचा पुरावा पुण्यात आहे. मे 2017 मध्ये गॅलेक्सी केअरमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. एका आईचं गर्भाशय बारीक रक्तवाहिन्यांसकट सोडवून मुलीला द्यायचं होतं, आणि ते सोडवलं साध्या दुर्बिणीतून. मनगटाविनाची हत्यारं इतकं करू शकतात, पण कुणाच्या हातात, हे महत्त्वाचं. हैदराबादेतही फक्त एंडोमेट्रिओसिसला वाहून घेतलेले सर्जन आहेत. डॉ. विमी बिंद्रा यांनी तर पेशंटांना जोडणारी ‘एंडो क्रुसेडर्स’ ही संस्थाच उभी केली. असा सर्जन रोबोवर बसला तर मनगटाचं चीज होतं. वर्षाला चार-दोन केस करणारा बसला तर यंत्र बिचारं त्याचीच नक्कल करणार.

या भागात आणखी एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2015-16) देशात 15 ते 49 वयाच्या 3.2 टक्के स्त्रियांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. तेलंगणात 7.7 टक्के, आंध्रात 8.9. सीमेच्या पलीकडे बीडमध्ये 2019 च्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. ‘पिशवी काढली की कटकट मिटली’ हा सल्ला एंडोमेट्रिओसिसवरही सर्रास मिळतो. पण रोग पिशवीबाहेर असतो. आतड्यावरचा डाग तसाच ठेवून पिशवी काढली, तर पाळी जाते आणि दुखणं राहतं. रोबोने काढली तरी.

पैशाचंही सांगायला हवं. रोबोची हत्यारं ठरावीक वेळाच वापरता येतात, मग यंत्रच ती नाकारतं. तो खर्च बिलात येतो. विमा नियामकाच्या नियमांमुळे ऑक्टोबर 2020 पासून आरोग्य विम्यातून रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट वगळता येत नाही, पण कंपनीला त्यावर वेगळी मर्यादा घालता येते. पॉलिसी पाच लाखांची असली तरी रोबोच्या रकान्यात आकडा लहान असू शकतो. तो भरतीच्या आधी, इस्पितळातल्या विम्याच्या (टीपीएच्या) खिडकीवर विचारलेला बरा. कर्ज काढून किंवा सोनं गहाण ठेवून केवळ रोबोसाठी जास्तीचे पैसे घालावेत, असं म्हणायला आजच्या पुराव्यात काही नाही. खोल रोग आहे, सर्जन त्यातला मुरलेला आहे आणि त्याचा हात रोबोवरच बसलेला आहे, तर त्याला दुर्बीण घ्यायला लावण्यातही अर्थ नाही.

तेव्हा हैदराबादला येणार असाल तर दारावरच्या पाटीपेक्षा थोडं पुढे बघा. वर्षाला अशा किती केस करता, आतड्याचा सर्जन असेल का, जाळणार की कापून काढणार, मूल हवं असेल तर बीजकोशाचं काय, हे विचारा. आणि निघताना एक गोष्ट मागून घ्या. दुर्बीण असो वा रोबो, कॅमेरा दोन्हींत असतो, आणि आतलं सगळं रेकॉर्ड करता येतं. ऑपरेशनचा व्हिडिओ आणि काढलेल्या तुकड्यांचा पॅथॉलॉजी रिपोर्ट पेनड्राइव्हवर घ्या, डिस्चार्ज कार्डासोबत जपून ठेवा. उद्या पुन्हा दुखलं तर पुढचा डॉक्टर सगळ्यात आधी तोच मागेल.